लाइट कमी नव्हती

आमच्या घरात टेप मंद वाजायला लागला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "लाइट कमी झाली वाटतं. बंद करा तो, जळून जाईल."

वीज हा शब्द आमच्याकडे फक्त पावसाळ्यात वापरत. वीज आभाळातून पडते; घरात येते ती लाइट. जळगावात उन्हाळ्याच्या दुपारी ती कमी व्हायची. पंख्याची पाती डोळ्यांनी मोजता यायची, ट्यूब नुसती फडफडायची आणि टेपमधली बाई बघता बघता पुरुषाच्या आवाजात गायला लागायची. मी वीज खात्यात मीटर तपासणीला होतो, त्यामुळे या सगळ्याचा दोष माझ्याकडे यायचा. शेजारचे नाना गच्चीच्या कठड्यावरून विचारायचे, "काय साहेब, आज किती सोडलेत?" मी आत जाऊन स्टॅबिलायझरचा काटा बघून खरा आकडा सांगायचो. एकशे ऐंशी व्होल्ट. एकशे पासष्ट. नाना म्हणायचे, "अहो, खोटं तरी सांगा दोनशे, जरा गार वाटेल." पण मला आकडा खोटा सांगता येत नाही. स्वभावच तसा आहे. बायको म्हणते, या माणसाला ताप किती आहे विचारला तरी पॉइंटसकट सांगेल.

हे सांगायचं कारण, माझ्या धाकट्या भावाच्या कॅसेटची सगळी गोष्ट या कमी लाइटभोवती फिरते.

तो माझ्याहून बराच लहान. नव्वद साल उलटून गेल्यावरचा काळ. तो धुळ्याला पॉलिटेक्निकला होता, वसतिगृहात राहायचा. त्याच्या खोलीत ईशान्येकडच्या डोंगराळ भागातून आलेला एक मुलगा होता. तो मुलगा जाताना गिटार घेऊन गेला, पण एक कॅसेट भावाला भरून देऊन गेला. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ ती घरी घेऊन आला आणि दुपारी सगळे बसलेले असताना त्यानं लावली.

काय वाजतंय तेच कळेना. ट्रॅक्टर चिखलात रुतल्यावर जसा घुमतो तसा गिटारचा आवाज. ढोलावर एक ठोका पडायचा, आणि दुसरा पडतो की नाही अशी शंका यावी इतक्या वेळानं दुसरा. त्याच्यावर कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

आई लगेच म्हणाली, "लाइट कमी झाली."

मी उठून काटा बघितला. "दोनशे पंचवीस. लाइट ठीक आहे."

"मग पट्टा ढिला झालाय," असं म्हणून मी टेप उलटा केला आणि मागचे स्क्रू काढायला लागलो. भाऊ हसत सुटला. "भाऊ, राहू दे. ते असंच आहे."

"असंच म्हणजे?"

"म्हणजे मंदच आहे. मुद्दाम."

केळीच्या कामासाठी गावी असणारे आमचे वडील, आबा, तेव्हा सणाला जळगावात आले होते. फैजपूरच्या अलीकडे आमची थोडी शेती होती. त्यांनी भिंतीला टेकल्या टेकल्या विचारलं, "आसा काहून वाजते हा?"

"आबा, या संगीताला अमेरिकेत स्लज म्हणतात. स्लज म्हणजे गाळ."

"गाळ?" आबांनी मान हलवली. "गाळाचं गाणं हाये? मंग वाईट काय? गाळ टाकला त केळीचा घड पाहा कसा येते." आणि ते पान लावायला लागले. त्या घरात त्या संगीताची बाजू घेणारे ते पहिले आणि बराच काळ एकटेच.

मला ते संगीत आवडलं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भाऊ ऐकताना पाटावर, खाटेवर, जे हाताशी असेल त्यावर उजव्या हाताचं एक बोट टेकवत राहायचा. दोन ठोक्यांमध्ये इतकं अंतर असूनही त्याचं बोट ठोक्याच्या आधी कधी पडायचं नाही आणि नंतरही नाही. मोजमाप हे माझं रोजचं काम. मला त्या बोटाचं कौतुक वाटलं.

पुढच्या वर्षभरात त्यानं एक जुनी बास गिटार मिळवली आणि धुळ्यात चौघं जमले. गाणारा अमळनेरचा, कापसाच्या दलालाचा मुलगा. दुसरा गिटारवाला वसतिगृहातलाच. आणि ड्रम वाजवणारा धुळ्याच्या एका बँड पार्टीच्या घरातला, ज्यांचा पिढीजात धंदा लग्नात वाजवण्याचा. त्यांचा सराव या ड्रमवाल्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचा, जिथे एरवी वरातीच्या बत्त्या आणि झालरी लावलेले कोट टांगलेले असत. मी एकदा कामानिमित्त धुळ्याला गेलो असताना तिथे डोकावलो. ड्रमवाल्याचे वडील दारात उभे होते. मला म्हणाले, "आप बडे भाई हो ना? समझाओ इनको. इतना आहिस्ता बजाएगा तो दूल्हे का घोडा सो जाएगा."

आतून पोरगा म्हणाला, "अब्बा, घोडे को भी आराम चाहिए."

"घोडे को आराम मिलेगा तो तेरे को रोटी कौन देगा?" म्हातारा हसत हसत चिडला होता. पण शेड त्यानं बंद केली नाही.

शिक्षण संपायच्या शेवटच्या वर्षी, उन्हाळा नुकताच लागलेला असताना, त्यांनी ठरवलं की आपली स्वतःची कॅसेट काढायची. सहा गाणी, दोन बाजू. नाव 'गाळ'. धुळ्याच्या जुन्या भागात एक स्टुडिओ होता. एकच खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, दारावर गोधडी. तिथे खानदेशी लग्नगीतं, देवीची गाणी, प्रचाराच्या टेपा असं सगळं व्हायचं. भाऊ मला म्हणाला, "भाऊ, तू रजा काढून ये. बाकी काही करू नको. फक्त लाइट सांभाळ. आपलं संगीतच मंद आहे. त्यात लाइट कमी झाली आणि टेप कमीजास्त फिरला, तर आमचं मंद कोणतं आणि लाइटचं मंद कोणतं, कधीच कळणार नाही."

ही गोष्ट मला पूर्णपणे पटली. असलं काही मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी घरातला मोठा स्टॅबिलायझर पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावर टाकला आणि धुळ्याला गेलो. दिवसभर मी त्या स्टुडिओच्या दाराबाहेर, बोर्डाजवळ स्टुलावर बसून काट्यावर नजर ठेवली. आत मशीनवर बसलेला रेकॉर्डिस्ट मधेच गोधडी बाजूला सारून घाम पुसायला यायचा. पहिल्या गाण्यानंतर तो भावाला म्हणाला, "भो, तुमना ढोलवाला जपी गया का काय? उठाडा त्याले."

ड्रमवाला म्हणाला, "जागा शे मी. आता फक्त दुसऱ्या ठोक्याची वाट पाही राहिनू."

सगळे हसले. रेकॉर्डिस्टही. पण काम त्यानं चोख केलं. काटा दोनशे तीसच्या खाली आला की मी दारावर टकटक करायचो आणि ते थांबायचे. लाइट सावरली की पुन्हा सुरुवात. पहिलं गाणं अकरा मिनिटांच्या थोडं वर गेलं. ते मी घड्याळात बघितलं होतं, कारण तेवढा वेळ लाइट टिकेल का याची मला धास्ती होती. त्या गाण्यात एकच ओळ होती, अमळनेरच्या मुलानं ती ओरडून ओरडून घसा फाडला. "पानी गयं, गाळ राही गया." बस, एवढंच. धुळ्याच्या पांझरा नदीच्या कोरड्या पात्राकडे बघून भावानं लिहिली होती.

शेवटच्या गाण्याचा शेवट असा होता की सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त भावाची बास एकाच सुरावर घुमत राहते, हळूहळू विरत जाते. तो सूर विरतच आला होता आणि भावाला खोकला आला. त्या दिवसांत तो खोकायचा. रेकॉर्डिस्ट म्हणाला, पुन्हा घेऊ. चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नको म्हणाले. गाण्याचा शेवट खोकल्यानंच झाला, हे त्यांना आवडलं होतं. "गाळ घशात गेला," गाणारा म्हणाला.

तो खोकला टीबीचा होता, हे महिन्याभरात कळलं.

भाऊ पुढे बरा झाला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला नको ती काळजी नको. आज त्याचे केस माझ्याहून जास्त पांढरे आहेत. तो नकाशे काढण्याचं काम करतो. जीव वाचला. पण जो धोका आम्हाला माहीतच नव्हता तो दुसरीकडून आला.

जळगावला घरी आणल्यावर त्याला रोज एक सुई सुरू झाली. काही आठवड्यांनी तो म्हणायला लागला की कानात रातकिडे वाजतात. मग उठताना भिंतीला हात लावायला लागला. आणि एक दिवस माझी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, भावजींना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. मी तीन वेळा बघितलं." डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ती सुई लगेच बंद केली, दुसऱ्या गोळ्या दिल्या. ते सरळ माणूस होते. म्हणाले, काही जणांच्या कानाला हे औषध सोसत नाही. गेलं तेवढं परत येणार नाही. आणि सुई बंद केली तरी कान आणखी काही दिवस उतरत जातील. कुठे थांबतील ते सांगता येत नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड, खालचे आवाज शेवटपर्यंत राहतात.

घरी आल्यावर भाऊ खाटेवर बसून मला म्हणाला, "भाऊ, कॅसेटा भरून झाल्या का बघ ना."

त्याला काय हवं होतं ते घरात सगळ्यांना समजलं. रेकॉर्डिंग झाल्यावर त्यानं ते पूर्ण असं एकदाही ऐकलं नव्हतं. स्टुडिओत तुकड्या-तुकड्यानं ऐकलं तेवढंच. मूळ रेकॉर्डिंगची मोठी स्पूल, म्हणजे टेपचं रीळ, रेकॉर्डिस्टनं कॅसेट भरणाऱ्याकडे पाठवली होती, आणि उन्हाळ्यात लग्नगीतांचा हंगाम असल्यामुळे आमचं काम मागे पडलं होतं. आता कान चालू आहेत तोवर एकदा पूर्ण ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा. मी दुसऱ्याच दिवशी धुळ्याची गाडी पकडली. कॅसेटा नुकत्याच तयार झाल्या होत्या. खोका मांडीवर घेऊन मी संध्याकाळच्या आत परत आलो.

भाऊ हातपाय धुऊन, केस विंचरून बसला होता. टेपचा स्पीकर मी त्याच्या उजव्या कानाजवळ ठेवला. तो कान त्यातल्या त्यात बरा होता. आबा गावाहून आले होते, आई पदराला हात पुसत बाहेर आली. मी कॅसेट लावली.

गिटार वाजायला लागली आणि मला वाटलं, बरी भरली आहे. आवाज स्वच्छ होता. आई तर म्हणाली, "आता कसं छान वाजतंय! आधीसारखं रडकं नाही."

भावाचं बोट खाटेच्या लाकडावर होतं. ते एकदा पडलं, आणि पुढचा ठोका त्याच्या बोटाच्या आधी पडला. मग पुन्हा आधी. त्यानं बोट उचलून धरलं आणि मग मुठीत मिटून घेतलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, हे आपलं नाही."

"तुझंच आहे. बघ, ओळ तीच आहे."

"ओळ तीच आहे. हे धावतंय."

मी काट्याकडे बघितलं. दोनशे वीस. टेप जास्त फिरायचं काही कारण नव्हतं. मग मी घड्याळ लावून पहिलं गाणं पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. अकरा मिनिटांच्या वरचं गाणं दहाच्या आत संपलं. आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी खोकला आला तो एखाद्या लहान मुलाच्या खोकल्यासारखा. भावाचा खोकला मी पलीकडच्या खोलीतून रात्रंदिवस ऐकत होतो. तो हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा धुळ्याला. कॅसेट भरून देणाऱ्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. माणूस वयानं मोठा, स्वच्छ पांढरा सदरा, चष्मा दोरीनं बांधलेला. मला बसायला पाट दिला, चहा सांगितला. मी कॅसेट पुढे ठेवून म्हटलं, "काका, ही जलद झाली आहे."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं मी आभार मानायला आलो. "व्हयी ना! मीच करी. तुमनी स्पूल उनी ती इतली मंद, गानारा रेडामायक रेकी राहिंता. उन्हायामा बठ्ठा टेपा मंदच येतस, साहेब. लाइट कमी ऱ्हास ना तठे." गाणारा रेड्यासारखा हंबरतोय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी मशीनच्या कडेची एक छोटी कळ मला दाखवली, जी फिरवून वेग कमीजास्त होतो. "इतला वरीस कॅसेटा भरी राहिनू. कान लावताच समजस, किती कमी शे ते. तुमनंबी नीट करी दिधं."

मी म्हणालो, "लाइट कमी नव्हती."

"अहो, उन्हायामा..."

"दोनशे तीस होती. मी दिवसभर दाराशी बसून होतो. तीसच्या खाली आली की मी थांबवत होतो."

त्यांनी कळीवरचं बोट काढून घेतलं. चहा आला तो तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "मंग तो मानूस खरंच असाच गास?"

"हो."

"काबर?"

का म्हणून. मी त्यांना भावाच्या कानाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, दोरीला लोंबकळत सोडला आणि एवढंच म्हणाले, "अरे देवा. स्पूल आना. आते बसीसन करी देस."

या माणसावर मला राग धरता आला नाही. सगळ्या खानदेशाच्या कमी लाइटची भरपाई तो आपल्या कानानं करत होता. त्याला मिळालेल्या शंभर टेपा खरंच बिघडलेल्या होत्या. आमची एकशे एकावी तशी नव्हती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्पूलच्या डब्यावर चार शब्द लिहायचे आमच्याही डोक्यात आले नव्हते.

मी जवळजवळ पळतच स्टुडिओत गेलो. रेकॉर्डिस्टनं फळीवरून डबा काढला, स्पूल मशीनवर चढवली आणि बटण दाबलं. हळदीची गाणी. त्यानं पुढे नेली. हळदीची गाणी. अगदी शेवटपर्यंत नेली. स्टुडिओची रीतच ती होती. स्पूल स्टुडिओची; कॅसेटा भरून झाल्या की तिच्यावर पुढचं काम. परत येऊन स्पूल कुणी मागत नसे. तो बिचारा कान धरून म्हणाला, "साहेब, पोरास्ले परत बलावा, मी फुकट घेस." पण गाणारा तोवर सुरतेला नोकरीला लागला होता, ड्रमवाला वडिलांबरोबर वरातीत वाजवत होता, आणि भावाला भिंतीचा आधार सोडून उभं राहता येत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी हिशेब घालत बसलो. जे आहे ते एवढंच: खोकाभर कॅसेटा, सगळ्या सारख्याच जलद. म्हणजे आपला टेप तेवढाच मंद झाला तर गाणं जागेवर येईल. घरी पोचून मी आमचा टेप स्टेशनजवळच्या मेकॅनिककडे नेला. तो म्हणाला, या जुन्या मोटरला वेगाचा स्क्रूच नाही. मी ऑफिसातून रेझिस्टन्स आणून जोडून बघितला. मोटर गचके खात चालली. असे दोन-तीन दिवस गेले. त्या दिवसांत भावाला दाराची कडी ऐकू येईनाशी झाली. मग माझ्या बायकोचं बोलणं. माझं बोलणं कानाजवळ जाऊन, जाड आवाजात केलं तर पोचायचं.

उपाय गच्चीवर सापडला, आणि तो आईचा होता. आईचा एक छोटा रेडिओ होता. त्याचे सेल उतरले की ती ते टाकून देत नसे. सुपात घालून गच्चीवर उन्हात ठेवायची. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका ठेवायच्या. जळगावच्या उन्हात दोन दिवस तापले की त्या सेलांत थोडी धुगधुगी यायची, आणखी चार दिवस बातम्या निघायच्या. मी वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी ते सेल बघितले आणि खाली येऊन मीटर लावला. नवा सेल दीड व्होल्टचा. हे एकाच्या जवळपास. सेलवर चालणारा टेप सेल उतरले की मंद होतो, हे शेंबडं पोरही जाणतं. फक्त तेव्हा आवाजही बसतो, आणि भावाला मोठा आवाज हवा होता. म्हणून मी मोटरच्या दोन वायरी सोडवून त्या सेलांना जोडल्या आणि आवाज लाइटवरच ठेवला. वेग आईच्या सेलांचा, आवाज खात्याचा.

कोणते सेल घ्यायचे ते ठरवायला एक दिवस गेला. बायको शेजारपाजारच्या सगळ्या घरांतून उतरलेले सेल मागून आणत होती. नानांनी आपल्या बॅटरीतले काढून दिले. म्हणाले, "साहेब, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही स्वतःहून लाइट कमी करताय." मी प्रत्येक सेल मोजून जोड्या लावत होतो, दुसऱ्या बाजूच्या शेवटावर जाऊन खोकला वाजवून बघत होतो. बारीक खोकला. थोडा कमी बारीक. एका जोडणीला आई ताक घुसळताना थांबली आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "पाणी द्या रे त्याला."

तो आत झोपलेला होता. खोकला टेपमधला होता. मी तेच सेल कायम केले आणि लगेच काढून ठेवले, वाया जाऊ नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही त्याला खाटेवर लोडाला टेकवून बसवलं. स्पीकर कानाला जवळजवळ चिकटवून ठेवला, आवाज पूर्ण. बाहेर ऊन रखरखत होतं, खिडकीला ओलं पोतं लावलं होतं. आबा उंबऱ्यावर बसले. मी बटण दाबलं.

पहिला ठोका पडला. भावाचं बोट पडलं. मग ते मोठं अंतर. दुसरा ठोका आणि बोट एकदम पडले.

त्यानं डोळे मिटले. मी त्याच्या बोटावरून नजर काढली नाही. दिवसभर काटा बघत बसलो होतो तसाच बघत बसलो. गाण्यामागून गाणं गेलं. मी बाजू उलटवली तेव्हा त्यानं डोळे न उघडता मान हलवली. आबांनी एकदा हळूच विचारलं, "ऐकू येते का त्याले?" मी बोटाकडे खूण केली.

सेल उतरायला लागले ते शेवटच्या गाण्यात. मला ते आधी कळलं. गाणारा आणखी खोल गेला, ठोके आणखी लांबले. बोटही लांबलं असं मला वाटलं, किंवा तसं वाटून घेतलं. मग वाद्यं थांबली आणि बासचा तो एकटा सूर उरला, आणि सूर जमिनीत उतरत जावा तसा खाली खाली गेला. कॅसेटमधल्या चकत्या एकदा थरथरल्या आणि थांबल्या. स्पीकरमध्ये फक्त लाइटची गुणगुण राहिली. खोकला यायचा होता तो पुढच्या, न वाजलेल्या पट्टीवर तसाच राहिला.

भावाचं बोट चालू होतं.

एक ठोका. ते अंतर. पुन्हा एक ठोका. चेहऱ्यावर तेच समाधान. मी चकत्यांकडे बघत होतो आणि बोटाकडे बघत होतो. दोन्ही बाजूंची मिळून सहा गाणी ते बोट चुकलं नव्हतं. त्यातलं कानानं ऐकलेलं किती आणि पाठ असलेलं किती, हे मोजायचं कोणतंच साधन माझ्याजवळ नव्हतं. आईनं तोंडाला पदर लावला. मी बटण दाबलं नाही. टेपजवळ हात नेला तर त्याला हालचाल कळेल, म्हणून हातही हलवला नाही.

बऱ्याच वेळानं बोट आपोआप थांबलं. त्यानं डोळे उघडले, पण टेपकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्याच्या मोठ्या झालेल्या, सपाट आवाजात त्यानं विचारलं, "भाऊ, खोकला येऊन गेला?"

मी त्याच्या कानाशी वाकलो आणि जाड आवाजात सांगितलं, "हो. आत्ताच."